निळा रंग गेला कुठे? पापडखार आणि लाळेतल्या विकराचं एक प्रकरण

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवतो. बारावीच्या मुलांना वर्षाकाठी एक छोटा प्रकल्प करावा लागतो. त्यातले बहुतेक प्रकल्प आदल्या वर्षीच्या वहीतून उतरलेले असतात, आणि तपासणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. हे प्रकरण त्यातलं नाही. एका विद्यार्थिनीने घरातला प्रश्न आणला, प्रयोग केला, निष्कर्ष काढला, मी त्यावर सही केली आणि तो निष्कर्ष साफ चुकीचा निघाला. तो कसा चुकला आणि दुरुस्त होताना काय हाती लागलं, ते इथे सविस्तर लिहितो. मुलीचं नाव देत नाही. तिची आजी या प्रकरणात तिच्याइतकीच महत्त्वाची आहे, तिचंही नाही.

सुरुवात झाली लाट्यांपासून. उन्हाळ्यात घरी उडदाचे पापड लाटायला बायका जमल्या होत्या. पीठ कुटून मऊ झालं, लाट्या पाडल्या, आणि पोरांनी नेहमीप्रमाणे त्या कच्च्याच तेलात बुडवून खाल्ल्या. संध्याकाळी या मुलीचं पोट दुखलं. आई म्हणाली, "खार पोटात गेला, दुसरं काय?" आजीने मान हलवली. "खारानं कुठं पोट दुखतं? खार तर पचवतो. कच्चा उडीद बाधला तिला." घरातल्या दोन अधिकारी व्यक्तींचं दोन दिशांना मत. मुलीने ठरवलं की आपणच बघू: पापडखार पचनाला मदत करतो की अडवतो?

प्रश्न चांगला होता. मी फक्त तो लहान करून दिला. "पचन" म्हणजे फार मोठा पसारा. तू लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) घे, ते स्टार्च तोडतं, आणि स्टार्च उरला की नाही ते आयोडीनने दिसतं. स्टार्च असेल तर निळा-काळा, तुटला असेल तर आयोडीनचा आपला पिवळा-तपकिरी. शाळेपासून केलेला प्रयोग, फक्त त्यात खार घालायचा.

आधी पापडखाराबद्दल दोन शब्द. रसायन म्हणून बघितलं तर तो मुख्यतः सोडियम कार्बोनेट, सोडियम बायकार्बोनेट आणि थोडं साधं मीठ यांचं मिश्रण. पूर्वी साजीखार म्हणून जो मिळे तो खारपड जमिनीवर फुललेल्या मातीतून किंवा खारवट झुडपांच्या राखेतून काढलेला असे. आमच्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या काठावरही असाच खार साठतो. खाद्यपदार्थांच्या क्रमांकांत कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि दोन्हींचं जोडमीठ हे तिन्ही ५०० याच आकड्याखाली येतात, पुढे फक्त कंसातली संख्या बदलते. नात्याने सख्खी भावंडं, पण स्वभाव वेगळे. पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते पीएच सांगतो: ७ म्हणजे उदासीन, त्याच्या वर अल्कधर्मी. एक टक्का बायकार्बोनेटच्या पाण्याचा पीएच साधारण ८.३ असतो, तेवढ्याच कार्बोनेटचा ११ च्या वर जातो. दोन्ही सारखे मिसळले की १० च्या आसपास. पीएचची मोजपट्टी दहापटींची आहे, त्यामुळे ८ आणि ११ मधलं अंतर तीन पायऱ्यांचं दिसलं तरी हजारपटीचं असतं.

आणि इथेच आजीच्या एका सवयीला अर्थ आला. आजी पापडखार कोरडा कधीच पिठात घालत नाही. मिठासोबत पाण्यात टाकून चांगलं उकळते, गार करते, गाळ खाली बसला की वरचं पाणी फडक्यातून गाळून त्यात पीठ भिजवते. मुलीने पुडीतला खार तसाच पाण्यात विरघळवून पीएच मोजायची पट्टी लावली आणि उकळलेल्या पाण्यालाही लावली. उकळलेलं पाणी स्पष्टपणे जास्त अल्कधर्मी निघालं. कारण सरळ आहे: बायकार्बोनेटचं पाणी उकळलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कार्बोनेट उरतं. आजी ज्याला "खार उमलतो" म्हणते ते रसायनात असं होतं. गाळून मळ काढणं हा फायदा दिसणारा, धार वाढणं हा न दिसणारा. मुलीने प्रयोगाला हेच उकळलेलं पाणी घेतलं, कारण पापडात तेच जातं. हा निर्णय तिचा होता आणि अगदी बरोबर होता.

पहिली फेरी

तीन परीक्षानळ्या. पहिलीत स्टार्चची पातळ पेज आणि पाण्यात सौम्य केलेली लाळ. दुसरीत तेच, पण खाराचं पाणी घालून. तिसरीत नुसती पेज आणि पाणी, लाळ नाही. तिन्ही नळ्या कोमट पाण्याच्या भांड्यात, अंगाच्या तापमानाला. दर मिनिटाला प्रत्येकीतला एक थेंब खळग्यांच्या पांढऱ्या प्लेटवर ठेवायचा आणि त्यावर आयोडीनचा थेंब.

तिसरी नळी अपेक्षेप्रमाणे शेवटपर्यंत निळी. पहिलीचा निळा हळूहळू जांभळा, मग तांबूस होत काही मिनिटांत गेला. दुसरी, म्हणजे खाराची, पहिल्याच थेंबाला बिनरंगी. निळा नाही, जांभळा नाही, काहीच नाही.

मुलगी धावत स्टाफरूममध्ये आली. "सर, आजीचं बरोबर आहे. खारानं पचन इतकं वाढतं की मोजायलाच सापडत नाही."

मी वही बघितली, निरीक्षणं नीट लिहिली होती, वेळ टिपली होती, तिसरी नळीही ठेवली होती. सही केली. इथे माझी चूक झाली. "मोजायलाच सापडत नाही" हे ऐकल्यावर माझे कान उभे राहायला हवे होते. विकर कितीही जलद असलं तरी वेळ घेतं. शून्य मिनिटाला संपणारी विकराची क्रिया म्हणजे बहुतेक वेळा विकराची क्रिया नसतेच. शिवाय तिसऱ्या नळीत लाळ नव्हती आणि खारही नव्हता. खार असून लाळ नसलेली नळी, म्हणजे तुलनेसाठीचं खरं नियंत्रण, ती कुणीच ठेवली नव्हती.

पकडलं ते दुसऱ्या दिवशी, आणि ते योगायोगाने. प्रकल्प भरीव दिसावा म्हणून मी तिला सांगितलं की साखरेची चाचणीही कर. अमायलेज स्टार्च तोडतं तेव्हा मुख्यतः माल्टोज तयार होतं, आणि माल्टोज बेनेडिक्टच्या द्रावणाला उकळताना निळ्यावरून विटकरी करतं. पहिली नळी विटकरी झाली. खाराची नळी निळीच राहिली.

आता दोन साक्षीदार एकमेकांना खोटं ठरवत होते. आयोडीन म्हणत होतं स्टार्च गेला, बेनेडिक्ट म्हणत होतं साखर झालीच नाही. स्टार्च गेला तर गेला कुठे? मुलगी म्हणाली, "खारामुळे बेनेडिक्ट बिघडलं असेल." शंका योग्य, पण बेनेडिक्टच्या द्रावणात सोडियम कार्बोनेट मुळातच असतं, ती चाचणी अल्कधर्मी पाण्यातच चालते. खार तिला परका नाही. म्हणजे खोटं बोलणारा दुसरा कोणीतरी होता.

आयोडीनचा खोटेपणा

न ठेवलेली नळी आता ठेवली: पेज आणि खाराचं पाणी, लाळेचा थेंबही नाही. आयोडीन टाकलं, रंग नाही. मग पेजही काढून टाकली. नुसत्या खाराच्या पाण्यात आयोडीनचा तपकिरी थेंब टाकला आणि तो डोळ्यांदेखत विरून पाणी स्वच्छ झालं.

अल्कधर्मी पाण्यात आयोडीन टिकत नाही. त्याचे अणू दोन बाजूंना फुटतात: काही आयोडाइड होतात, काही आधी हायपोआयोडाइट आणि मग आयोडेट. या कोणत्याही रूपाला स्टार्चच्या गुंडाळीत शिरून निळा रंग देता येत नाही. स्टार्च जसाच्या तसा बसून असतो, त्याला दाखवणारा दिवाच विझलेला असतो. पीएच १० ला हे झटपट होतं, ८.३ ला नुसता सोडा असेल तर रंग बऱ्यापैकी टिकतो. म्हणून खायचा सोडा घेऊन कुणी हा प्रयोग केला तर सापळा दिसणारच नाही, आणि पापडखार घेतला की सरळ त्यात पाय पडेल.

यातली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे ही क्रिया उलटते. आम्ल घातलं की आयोडेट आणि आयोडाइड पुन्हा एकत्र येऊन आयोडीन तयार करतात. मी मुलीला सांगितलं, त्या बिनरंगी थेंबावर आम्ल टाक, स्टार्च शिल्लक असेल तर निळा परत येईल. तिने डब्यातलं लिंबू पिळलं. फेस आला, निळा आला नाही. तिचा चेहरा पडला. मी काही न बोलता प्रयोगशाळेतल्या कपाटातून व्हिनेगर काढून दिलं. तशाच दुसऱ्या बिनरंगी थेंबावर व्हिनेगर टाकताच फेस आणि मागोमाग गडद निळा.

लिंबाने का फसवलं? लिंबात क जीवनसत्त्व असतं, ते आयोडीन तयार होताक्षणी त्याला पुन्हा आयोडाइड करून टाकतं. फळांच्या रसातलं क जीवनसत्त्व मोजायची पद्धत याच गुणावर उभी आहे. एकाच संध्याकाळी एकाच थेंबावर दोन वेगवेगळ्या कारणांनी निळा रंग गायब झाला होता, आणि दोन्ही वेळा स्टार्चला कुणी हात लावलेला नव्हता. माझ्या मते या प्रकल्पात शिकण्यासारखं सगळ्यात मोठं ते हेच, पापडखारापेक्षाही. इंटरनेटवर आणि शाळांच्या वह्यांत अल्कधर्मी पदार्थांचा अमायलेजवरचा परिणाम आयोडीनने दाखवलेला जिथे जिथे दिसेल, तिथे मी आता पहिल्यांदा हेच विचारतो: आयोडीन टाकण्याआधी आम्ल घातलं होतं का?

दुसरी फेरी

पद्धत बदलली. प्लेटच्या प्रत्येक खळग्यात आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब, त्यावर नळीतला नमुना, मग आयोडीन. आम्लाने दोन कामं होतात: विकर त्या क्षणी थांबतं, आणि खार मरतो म्हणून आयोडीन जगतं. नळ्याही वाढवल्या. साधी लाळ, लाळ आणि खायचा सोडा, लाळ आणि उकळलेलं खाराचं पाणी, आणि या प्रत्येकीची लाळेविना जोडीदारीण.

आता चित्र उलटं झालं. साध्या लाळेचा निळा पूर्वीसारखाच काही मिनिटांत गेला. सोड्याच्या नळीत तोच प्रवास झाला, पण रखडत. खाराच्या नळीतला निळा अर्धा तास उलटला तरी हलला नाही. लाळेविना ठेवलेल्या सगळ्या जोडीदारणी शेवटपर्यंत निळ्या. बेनेडिक्टनेही या वेळी आयोडीनच्या शब्दाला शब्द दिला.

म्हणजे खार अमायलेजला वेग देत नाही, थोपवतो. कारण रेणूच्या पातळीवर समजतं. लाळेतलं अमायलेज पीएच ७ च्या अलीकडे-पलीकडे सर्वांत चांगलं चालतं. त्याच्या कामाच्या खाचेत एक ॲस्पार्टिक आणि एक ग्लुटामिक आम्लाचा गट समोरासमोर असतो. स्टार्चच्या साखळीतला दुवा तोडताना त्यातल्या ग्लुटामिक गटाने आपल्याकडचा प्रोटॉन द्यावा लागतो. भोवतालचं पाणी फार अल्कधर्मी झालं की हा प्रोटॉन आधीच निघून जातो, आणि हत्यार हातात असून धार नसल्यासारखं होतं. त्यात अमायलेजच्या रेणूला आकार धरून ठेवायला कॅल्शियमचा एक आयन लागतो, आणि क्लोराइडचा आयन त्याला चेतवतो. पापडखारात मीठ असल्याने क्लोराइडची वाण नाही. कार्बोनेट मात्र कॅल्शियमचा जुना वैरी. दोघे भेटले की खडू होतो.

मुलीने विचारलं, "सर, मग आई बरोबर?" नळीपुरती आई बरोबर. पण पोट म्हणजे नळी नव्हे.

नळीतून पोटात

इथे हिशेब करावा लागतो, आणि तो आम्ही फळ्यावर केला. पापडाला खार किती घालायचा हे घराघराचं वेगळं. आजीच्या हाताचं प्रमाण तागडीत घातलं तर किलोभर पिठाला साधारण ३० ग्रॅम बसलं. एका पापडात १० ग्रॅम पीठ धरलं तर खार ०.३ ग्रॅम. तो सगळाच्या सगळा सोडियम कार्बोनेट आहे असं समजलं, म्हणजे खाराला जितकी देता येईल तितकी धार दिली, तरी त्याला पूर्ण उदासीन करायला साधारण ५.७ मिलिमोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) आम्ल लागतं. निरोगी माणसाचं जठर जेवणानंतर तासाला २० ते ४० मिलिमोल आम्ल सहज सोडतं. म्हणजे एका पापडाचा खार हा जठराच्या दहा-पंधरा मिनिटांच्या कामाएवढा. एका पापडाने पचन बिघडतं म्हणणं आणि सुधारतं म्हणणं, दोन्ही या आकड्यापुढे जरा जास्तच होतं.

तरीही त्या दहा-पंधरा मिनिटांत काय होतं ते बघण्यासारखं आहे, कारण वेगवेगळ्या विकरांच्या वाट्याला वेगवेगळं येतं.

तोंडात पापड फार वेळ राहत नाही. भाजलेल्या पापडाचा चुरा पाण्यात कालवून पट्टी लावली तर पीएच ९ च्या आसपास आला, उकळलेल्या खाराच्या पाण्यापेक्षा बराच खाली, कारण उडदातली प्रथिनं खाराची बरीच धार पिऊन टाकतात. लाळेतही स्वतःचं बायकार्बोनेट असतंच. आजीने प्रकल्पासाठी म्हणून दोन पापड बिनखाराचे लाटून दिले होते. ते कडेने फाटले, भाजल्यावर फुलले नाहीत आणि तिने ते देताना "हे कुणाला माझे म्हणून सांगू नकोस" अशी ताकीद दिली. त्यांचा आणि खाराच्या पापडाचा चुरा लाळेसोबत ठेवला तर दोन्हींतला स्टार्च कमी होत गेला, खाराचा थोडा मागे राहिला. नळीतल्यासारखी पूर्ण कोंडी कुठेच दिसली नाही.

जठरात गोष्ट पालटते. लाळेतलं अमायलेज घासासोबत पोटात जातं आणि घासाच्या आतपर्यंत आम्ल पोचेपर्यंत काम करत राहतं. आम्लाने ते निकामी होतं. आता पापडखाराने तिथलं आम्ल थोडं थोपवलं, तर तर्काने अमायलेजला तेवढाच जास्त अवधी मिळायला हवा. म्हणजे तोंडात अडवणारा खार जठरात त्याच विकराचा पाठीराखा होऊ शकतो. जठरात प्रथिनं तोडणाऱ्या पेप्सिनचं नेमकं उलटं. १८३६ मध्ये थिओडोर श्वानने जठररसातून ओळखून काढलेलं हे विकर पीएच २ च्या आसपास जोरात चालतं, ५ च्या वर जवळजवळ हात टेकतं, आणि ८ च्या आसपास गेलं तर त्याची घडीच कायमची उसवते. पुन्हा आम्ल घातलं तरी ते परत येत नाही. अमायलेजचा कामाचा वेग मंदावणं आणि पेप्सिन उसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि "विकरावर परिणाम" या एकाच शब्दांत त्या कोंबल्या की गोंधळ होतो. अर्थात एका पापडाने जठराचा पीएच ८ ला जात नाही. चमचाभर सोडा रिकाम्या पोटी पाण्यातून घेणाऱ्याचा मात्र काही काळ खूप वर चढू शकतो, आणि ते लोक स्वतःला पचनाची मदत करत आहोत असंच समजत असतात.

पुढे लहान आतड्यात खाराला फारसं कुणी विचारत नाही. तिथे स्वादुपिंड स्वतःच बायकार्बोनेटचा पूर सोडतं. स्वादुरसाचा पीएच ८ च्या वरच असतो आणि प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन, स्वादुपिंडाचं अमायलेज, चरबी तोडणारं लायपेज यांना सौम्य अल्कधर्मी वातावरण मानवतं. हा पूर कधी सोडायचा हे ठरवतो सिक्रेटिन. १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी तो शोधला, आणि "संप्रेरक" (हार्मोन) ही कल्पना त्यातूनच उभी राहिली. जठरातून आम्ल आलं की सिक्रेटिन सुटतो. पोटातून आम्ल कमी आलं तर सिक्रेटिन कमी, म्हणून बायकार्बोनेटही कमी. बाहेरून आलेला खार शरीर आपल्या हिशेबातून वजा करून टाकतं.

मग लाट्यांनी पोट का दुखलं?

आजीचं निदान इथे बरंचसं टिकतं. लाटीत उडीद कच्चा असतो. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट बांधणीचे असतात, शिजल्यावर ते फुगून उकलतात तेव्हा कुठे अमायलेजला आत शिरता येतं. बरेचसे न पचलेले कण मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या हाती पडतात आणि वायू धरतो. शिवाय कच्च्या डाळींत ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं असतात, ती शिजवल्या-भाजल्याने मोडतात, कच्ची खाल्ली तर नाही. म्हणजे लाटीत विकराला अडवणारं काही होतं तर ते उडदातच होतं, खार त्यापुढे किरकोळ. वर तेल, आणि संख्या. "किती खाल्ल्यास?" असं मी विचारल्यावर तिने आकडा सांगितला नाही.

पापड खाल्ला की जेवण पचतं, या समजुतीचाही उगम याच हिशेबात दिसतो. ०.३ ग्रॅम कार्बोनेटला जठरातलं आम्ल भेटलं की जास्तीत जास्त सत्तरेक मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. दोन-तीन पापड झाले की ढेकर येतो, पोट हलकं वाटतं. ढेकराला आपण पचनाची पावती मानत आलो आहोत. इथे मात्र तो फक्त खार आणि आम्ल भेटल्याची पावती असतो, विकरांनी किती काम केलं याबद्दल त्यात काहीच लिहिलेलं नसतं.

ज्याची खरी काळजी करावी अशी गोष्ट प्रकल्पाच्या विषयात नव्हतीच, तरी मी ती वहीत लिहायला लावली. त्याच ०.३ ग्रॅम खारात सुमारे १३० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि पिठातलं मीठ वेगळं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसाला २ ग्रॅमच्या आत सोडियम ठेवायला सांगते. तीन पापडांचा नुसता खारच त्याचा पाचवा हिस्सा खातो. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने मीठ मोजताना खारही मोजावा, आणि तो खारट लागत नाही म्हणून सहसा मोजला जात नाही. दुसरी गोष्ट भिजवलेल्या कडधान्यांत घातलेल्या सोड्याची. त्याने सालं लवकर मऊ होतात हे खरं, पण अल्कधर्मी पाण्यात शिजवताना ब-१ जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होतं.

प्रकल्पाचं शीर्षक मुलीने बदललं. "पापडखाराने पचन सुधारते का?" च्या जागी "अल्कधर्मी माध्यमात आयोडीन चाचणीची विश्वासार्हता: पापडखाराचे उदाहरण". मला पहिलंच शीर्षक जास्त आवडलं होतं, पण दुसरं जास्त खरं होतं. माझी आधीची सही असलेलं पान तिने फाडलं नाही, त्यावर लाल शाईने "नियंत्रण अपूर्ण" असं लिहून तसंच ठेवलं. बहिःस्थ परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडून बराच वेळ वाचलं.

आजीला निकाल सांगायला मीच गेलो होतो, प्रयोगशाळेचं निमित्त करून पापडही मिळतील या हिशेबाने. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे सर, तुम्ही म्हणताय खारानं पचत नाही, पण बिघडतही नाही. मग आम्ही घालतो कशाला?" पापड लवचिक लाटला जावा, फाटू नये, भाजल्यावर फुलावा, खुसखुशीत व्हावा, भाजल्याचा तांबूस रंग चढावा म्हणून, असं मी म्हणालो. "ते तर मला माहीतच होतं," म्हणाली. "पचनाचं तुमच्या पुस्तकवाल्यांनीच काढलेलं."

शेवटचा प्रश्न नळ्या धुताना आला. बेसिनपाशी कपडे धुण्याच्या पावडरीची पुडी होती. मुलीने ती उलटी करून घटक वाचले आणि थांबली. "सर, यात सोडा पण आहे आणि एन्झाइम पण. सोड्यात एन्झाइम चालतं कसं?" मी तिला लोणारचं नाव सांगितलं. आमच्यापासून बसने जाण्याच्या अंतरावर, बेसाल्टच्या खडकात उल्कापाताने पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवर, २०२० पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत असलेलं, आणि त्यातलं पाणी पीएच १० च्या आसपासचं. पापडखाराच्या पाण्याएवढं. त्या पाण्यात जिवाणू सुखाने राहतात, आणि ते पेशीबाहेर जी विकरं सोडतात ती पीएच १० लाच उत्तम चालतात. आपल्या लाळेतलं अमायलेज तिथे मुकं होईल, तर त्यांचं विकर आपल्या तोंडात आळसावेल. पावडरीतली प्रथिनं तोडणारी विकरं अशाच खार सोसणाऱ्या बॅसिलस कुळातल्या जिवाणूंकडून घेतलेली असतात. पुढच्या वर्षी तिची धाकटी बहीण त्याच वर्गात आली. तिला प्रकल्पासाठी लोणारच्या काठचं पाणी हवं होतं, पण सरोवर अभयारण्यात येतं, तिथून काही उचलायला वनखात्याची परवानगी लागते. तिने पुडीतली धुण्याची पावडर घेतली, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक खळग्यात आधी आम्ल टाकलं.